क्लिकर नोंदवही, सांगली : एकोणीस दिवस, स्टेज ६१ आणि एक डॉज

मार्चअखेरची खाती मिटली की मी दरवर्षी एक नवा क्लिकर सुरू करतो, म्हणजे क्लिक करत गोल्ड कमवायचं आणि त्यातून ताकद वाढवत जायचं असा गेम. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. एप्रिलात आवक जोरात असते, दिवसभर मान वर करायला सवड नसते, पण रात्रीचे नऊ ते अकरा माझे. या वर्षी घेतलेल्या गेमचं नाव लिहीत नाही. छोट्या टीमचा आहे आणि माझं भांडण हिशेबाशी आहे. किंमत २४९ रुपये. वर्णनात 'ॲक्शन क्लिकर' असं लिहिलं होतं: क्लिक केलं की तलवार चालते, स्पेस दाबला की हीरो लोळण घेऊन वार चुकवतो (हाच डॉज). असा गेम मी कित्येक वर्षं शोधत होतो.

दिवस १ ते ३.
अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायचं नाही, म्हणून तीन दिवस मत लिहिलं नाही, फक्त आकडे लिहिले. तलवारीची सुरुवातीची किंमत १०० गोल्ड. लेव्हल २० ला १,६३७. लेव्हल ४० ला २६,७८६. म्हणजे दर लेव्हलला १.१५ पट. आपल्यातल्या जुन्या मंडळींना हा आकडा तोंडपाठ आहे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ऑर्टेल या गेम बनवणाऱ्यानं कुकी क्लिकर हा गेम टाकला, त्यात १५ कुकीजचा कर्सर (आपोआप क्लिक करणारा) याच पटीनं महाग होत जातो. दर पाच खरेदीला भाव दुप्पट. आकडा ओळखीचा दिसला आणि बरं वाटलं.

तलवारीचा आवाजही सुंदर आहे. धातू घासल्यासारखा, आणि क्रिटिकल, म्हणजे जास्त जोराचा वार, लागला की आवाज खाली उतरतो. हे काम कुणीतरी मन लावून केलंय.

दिवस ६.
स्टेज ३०. बॉसला, म्हणजे मोठ्या राक्षसाला, पाडायला ३० सेकंदांचा टायमर. हाही नियम क्लिकर हीरोज या जुन्या गेमपासूनचा, तिथं दर पाचव्या झोनला बॉस आणि ३० सेकंद. इथं फरक असा की बॉस उलटा वार करतो, आणि तो आपण चुकवायचा. पहिल्या दोन लढायांत माझ्या हाताला खरोखर घाम आला. यासाठीच तर घेतला होता.

दिवस ९.
स्टेज ४५, वॉल लागली, म्हणजे ताकद कमी पडून पुढं जाता येईना. वॉल लागण्याबद्दल तक्रार नाही, क्लिकरमध्ये वॉल हवीच. वॉलपाशी थांबून 'आता कुठं गोल्ड घालू' हा विचार करण्यातच या खेळाचा सगळा जीव आहे. मी गोल्ड ढालीत घातलं, कारण बॉसचे फटके बसत होते. ढाल लेव्हल २५ पर्यंत नेली. तरी बॉस पडेना. दर वेळी त्याची आठ-दहा टक्के हेल्थ उरायची.

दिवस ११, रविवार.
भाचा मिरजेहून आला होता. दहावीची परीक्षा संपलेली, त्यामुळे ताईनं गेमवरून हटकलं नाही. त्यानं पाच मिनिटं माझा खेळ बघितला आणि म्हणाला, "मामा, तू सरकूच नकोस. उभा राहून मार."

मी म्हटलं, "मरेल की हीरो."

"मर तर खरं एकदा."

हीरो मेला नाही. बॉस पडला.

मग आम्ही दुपारचं जेवण पुढं ढकलून नीट मोजायला बसलो. स्टेज ४५ चाच बॉस, तीच तलवार, तेच साथीदार. दहा लढाया डॉज करून, दहा लढाया न हलता. डॉज करून दहापैकी शून्य. न हलता दहापैकी आठ. भाच्यानं मोबाइलवर ६० फ्रेमनं व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम पुढं सरकवत लोळण मोजली. ५४ फ्रेम, म्हणजे ०.९ सेकंद. तेवढ्या वेळात केलेला एकही क्लिक गेम धरत नाही. बॉस दर चार सेकंदांनी वार करतो, ३० सेकंदांत सात वेळा. सात लोळणी म्हणजे ६.३ सेकंद हात बांधलेले. माझा वेग सेकंदाला सात क्लिक. एका लढाईत चव्वेचाळीस वार हवेत गेले, तेही मी बरोबर खेळलो म्हणून.

आणि फटका बसला तर काय होतं? हेल्थ बारचा १२ टक्के भाग जातो. सात गुणिले बारा, ८४. सगळे फटके अंगावर घेतले तरी हीरो १६ टक्के हेल्थवर उभा असतो आणि तोवर टायमर संपतो. बॉस आपल्याला मारूच शकत नाही.

ढालीचं काय, हे रात्री एकट्यानं तपासलं. स्टेज ५० आणि ५५ च्या बॉसांकडं मुद्दाम फटके खाल्ले. दोन्हीकडं १२ टक्केच. फटका आपल्या एकूण हेल्थच्या टक्केवारीत मोजलाय, त्यामुळं हेल्थ कितीही वाढवा, जातो तो तेवढाच भाग. ढालीच्या पंचवीस लेव्हलचं गोल्ड तलवारीत असतं तर ही वॉल मी दोन दिवस आधी ओलांडली असती.

यार्डात व्यापारी हळकुंड हातात घेतो, वरची कातडी बघतो आणि मग मोडतो, कारण भाव आतल्या रंगावर ठरतो. त्या रात्री हे हळकुंड मोडल्यावर मला फार वाईट वाटलं. नऊ दिवस मी मन लावून वार चुकवत होतो. गेमच्या हिशेबात त्याला किंमत नव्हती, उलट दंड होता.

दिवस १२ ते १५.
न हलता स्टेज ६० पर्यंत. लिहिण्यासारखं काही नाही. दुकानातून घरी येईपर्यंत गेम बंद असताना जमणारं ऑफलाइन गोल्ड फक्त दोन तासांचं धरतात. माउसचं डावं बटण हळदीनं पिवळं झालंय, उजवं अजून पांढरं आहे. चार दिवसांचा खेळ त्यात आला.

दिवस १६.
रीबर्थ. सगळं शून्यावर आणून बक्षीस म्हणून १२ सोल मिळाले, प्रत्येकानं डॅमेज १ टक्का वाढतं. एकूण १२ टक्के. इथं राक्षसाची हेल्थ दर स्टेजला १.३ पट होते, म्हणजे या १२ टक्क्यांत अर्धी स्टेजसुद्धा पुढं जाता येत नाही. क्लिकर हीरोजमध्ये एक हीरो सोल नुसता साठवून ठेवला तरी १० टक्के डीपीएस (सेकंदाला होणारं डॅमेज) देतो. तिथं विकत घ्यायच्या हीरोचा भाव दर लेव्हलला १.०७ पट चढतो. लेव्हल २०० नंतर बहुतेक हीरोंचं दर २५ लेव्हलला डॅमेज चौपट होतं, आणि तेवढ्यात भाव साधारण साडेपाच पट झालेला असतो. दोन्ही आकडे एकमेकांच्या मागं पळतात, कधी हा पुढं, कधी तो. त्या पाठलागासाठी माणूस रात्री अकरा वाजता 'अजून एकच' म्हणतो. इथं भाव १.१५ नं गुणला जातो आणि तलवारीचं डॅमेज नुसतं बेरजेनं वाढतं. लेव्हल ६० ला भाव ४,३८,४०० झाला, आणि वार वाढला तेवढाच जेवढा लेव्हल २ ला वाढला होता. या दोन आकड्यांची भेट पुन्हा होणार नाही.

कुकी क्लिकरमध्येही बोट हळूहळू निवृत्त होतं. पण तिथं बोटाचं काम डोक्याकडं जातं. कुकीज बनवणाऱ्या आज्या घ्यायच्या की शेतं, अपग्रेडसाठी थांबायचं की नाही, मधूनच दिसणारी सोनेरी कुकी कधी गाठायची. इथं बोटाचं काम काढून घेतलं आणि डोक्याला काही दिलं नाही.

दिवस १९.
रीबर्थनंतर स्टेज ६१ वर थांबलो. एकूण ३३ तास. सेव्ह ठेवली आहे, काढलेली नाही, कारण दुरुस्ती मला दिसते आहे आणि ती फार छोटी आहे. फटका १२ ऐवजी १५ टक्क्यांचा केला तर सात फटके १०५ होतात आणि लढाईत निदान एकदा डॉज करावाच लागतो. २० केला तर चारच फटके झेपतात, तीन चुकवावे लागतात, आणि कुठले तीन हे खेळणारा ठरवतो. लोळण ५४ ऐवजी ३० फ्रेमची केली तर तीन डॉजना दीड सेकंद जातो. ढालीनं हेल्थ वाढवण्याऐवजी फटक्याची टक्केवारी कमी करावी. हे सगळं भाच्याच्या व्हिडिओसह गेम बनवणाऱ्यांना काल रात्री पाठवलं. वीस लढायांचा तक्ता भाच्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिला, त्याचा फोटोही जोडला.