आईचं ग्रीन कार्ड आणि नोंद नसल्याचा दाखला : माझा अनुभव

आई जानेवारी २०२५ पासून माझ्याकडं न्यू जर्सीत आहे. हे आत्ता लिहायला बसले कारण गेल्या महिन्यात दोन मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला, आईचा जन्मदाखलाच नाहीये गं, ग्रीन कार्डला काय लावू, आणि त्यांना फोनवर सांगताना माझा आवाज एवढा चढला की आई आतून बघायला आली. त्या एका कागदाने आमचे पाच महिने खाल्ले.

बाकीचं भराभर सांगते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलावून घ्यायचा पहिला अर्ज, ऑनलाइन भरला, तेव्हा फी ५३५ डॉलर होती, एप्रिल २०२४ पासून वाढलीय. नागरिक मुलाचं किंवा मुलीचं वय २१ किंवा त्याहून जास्त असेल तर आईवडिलांना कोटा नसतो, त्यामुळे भावाबहिणीच्या केससारखी वर्षानुवर्षांची रांग नाही. माझा जन्मदाखला नगरपालिकेचा, त्यात माझं आणि आईचं दोन्ही नावं होती म्हणून तिथं काही अडलं नाही. तुमच्या दाखल्यात तुमच्या नावाची जागा रिकामी असेल तर आधी ते भरून घ्या, आपल्याकडं नोंद बारशाच्या आधी होते आणि नाव घालायचं राहूनच जातं. वर्षभरात अर्ज मंजूर झाला, केस नॅशनल व्हिसा सेंटरकडं म्हणजे एनव्हीसीकडं गेली, तिथं व्हिसा फॉर्मचे ३२५ आणि अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्टचे (आईचा खर्च मी उचलेन या हमीपत्राचे) १२० डॉलर भरले आणि आता कागद स्कॅन करून चढवायचे तेवढे राहिले असं मी नवऱ्याला सांगितलं.

आईच्या पासपोर्टवर जन्मतारीख आहे १ जून १९५४. ज्यांच्या घरात त्या पिढीची माणसं आहेत त्यांना हा १ जून वेगळा सांगायला नको, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख. जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा १९६९चा, लागू झाला १९७० मध्ये. त्याआधी गावात नोंदी व्हायच्या, पण कोतवालाने सांगितलं तर आणि लिहिणाऱ्याने लिहिलं तर. त्यात आई जन्मली आजोळी, म्हणजे आजीच्या माहेरी, बाळंतपण माहेरीच व्हायचं ना, त्यामुळे शोधायचं ते तिच्या वडिलांच्या गावात पण नाही, अजून एका तिसऱ्याच गावात. हे लक्षात यायलाच आम्हाला दोन आठवडे लागले, आम्ही आधी भलत्याच गावात चौकशी करत होतो. म्हणून तुम्ही पहिल्यांदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की बाळंतपण नक्की कुठं झालं.

जन्मदाखला नसेल तर अमेरिकेला दोन गोष्टी लागतात. एक, नोंद नाही असं सांगणारा सरकारी दाखला. दुसरं, पर्यायी पुरावे, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या नातेवाइकांची अ‍ॅफिडेव्हिट. दुसरं सहज झालं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तरांनी १९६० सालचं जनरल रजिस्टर तासाभरात काढून दिलं, त्या माणसाचे मी फोनवर तीनदा आभार मानले. पहिल्याने मात्र जीव काढला.

धावपळ माझ्या मोठ्या मामांनी केली. ते तेव्हा ७८ वर्षांचे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे म्हणून तेवढा एक खर्च नाही, पण हेलपाटे ते हेलपाटेच. मी इकडून फोनवर. तिकडं सकाळी दहाला ऑफिस उघडतं तेव्हा थंडीत आमच्याकडं रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, मी मुलांना झोपवून फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात बसायची.

ग्रामपंचायतीत सांगितलं की आमच्याकडं जुनं दप्तरच नाही, आधीचं सगळं तहसीलला. तहसीलमध्ये सांगितलं की जन्माचे दाखले ग्रामपंचायत देते. मामा परत ग्रामपंचायतीत, तर ग्रामसेवकांकडं दोन गावांचा चार्ज, ते त्या दिवशी दुसऱ्या गावात. मग परत तहसील. आता काळ कुठला, तर नोव्हेंबर २०२३. मराठा आरक्षणासाठी नेमलेल्या शिंदे समितीचं काम राज्यभर वाढवल्यावर सगळीकडं कुणबी नोंदी शोधायचं सुरू झालेलं, आणि त्या नोंदी ज्या दप्तरात शोधतात त्यातच गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्ममृत्यूचं रजिस्टर येतं. अभिलेख कक्षाबाहेर माणसं उभी, आत कर्मचारी रात्रीपर्यंत बसलेले. त्यांचं काम मोठं होतं हे मला मान्य आहे, लोकांच्या पोराबाळांच्या दाखल्यांचा प्रश्न होता. पण मामांना कुणी एक तारीख तरी द्यायची, अमुक दिवशी या म्हणून, तेही नाही. नुसतं "पुढच्या आठवड्यात बघू". एकदा तर ते शनिवारी जाऊन बंद दार बघून आले, राज्य सरकारची ऑफिसं २०२० पासून शनिवारी बंद असतात हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला लक्षात नव्हतं, त्या दिवशी मी खरंच रडले.

डिसेंबरमध्ये शेवटी रजिस्टर उघडलं. मामांची स्वतःची नोंद सापडली, १९४५ ची, मुलगा, वडिलांचं नाव, व्यवस्थित. आईच्या वेळची पानं वाळवीने खाल्लेली आणि जी होती त्यात आजोबांच्या नावाने काही नाही. मग तिथल्या पत्राच्या आधारे ग्रामपंचायतीने लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या, "सदर व्यक्तीच्या जन्माची नोंद दप्तरी आढळून येत नाही", खाली सही शिक्का. नाव घातलं आईचं लग्नानंतरचं.

मी ते आनंदाने भाषांतर करून घेऊन चढवलं. फेब्रुवारीत एनव्हीसीने परत पाठवलं.

मी शांत बसून ते पत्र परत वाचलं तेव्हा कळलं की त्यात आईवडिलांची नावं नाहीत, गाव कुठलं ते नाही, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत शोधलं ते नाही, आणि नाव तर असं की त्या नावाची मुलगी १९५४ ला जन्मलेलीच नाही. आमच्याकडं लग्नात मुलीचं आडनावच काय पण नावही बदलायचे, ताटात तांदळावर अंगठीने लिहायचे, आईचंही बदललेलं. माहेरी एक, सासरी एक. शाळेचा दाखला पहिल्या नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या. मामा म्हणाले दोन्ही नावं घाला, तर ऑफिसातनं उत्तर आलं की एका दाखल्यात दोन नावं बसत नाहीत.

त्या रात्री मी चिडून कायदाच उघडला. आणि तिथं सापडलं! जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ खाली नोंद नसल्याच्या दाखल्याचा ठरलेला छापील नमुनाच आहे, नमुना १०. त्यात जागाच आहे, कुणाच्या मागणीवरून, कुठल्या सालांचं रेकॉर्ड, कुठलं गाव, कोण, कुणाचा मुलगा किंवा मुलगी. अमेरिकेला जे जे हवं ते बहुतेक सगळं त्यात आपोआप येतं. चार महिने आम्ही "नोंद नसल्याचा दाखला द्या" म्हणत होतो आणि कुणी त्याचं नाव सांगितलं नाही. खेड्यात जन्ममृत्यूचा निबंधक म्हणजे तेव्हा ग्रामसेवकच (२०२४ पासून त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), त्यामुळे तो द्यायचा अधिकारही त्यांचाच, तहसीलचा नाही.

मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना पाठवला, त्यांनी तालुक्याला प्रिंट काढली, नेऊन दाखवली. "असा कागद आम्ही कधी दिला नाही." मामा म्हणाले, बाई, आता माझं डोकं चालत नाही. मग मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून पाठवला, दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर एवढाच की आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर कलम १७ नुसार काय कार्यवाही झाली ते कळवा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. तेविसाव्या दिवशी ग्रामसेवकांचा स्वतःहून फोन आला की दाखला तयार आहे, घेऊन जा. दोन्ही नावांसकट. मार्चचा तिसरा आठवडा होता, मामांनी फोटो पाठवला तेव्हा मी कामावर होते, मीटिंगमधून उठून बाहेर गेले.

तर आता जे आठवेल तसं सांगते. अर्जात पहिल्याच ओळीत "कलम १७ अन्वये नमुना १०" असं लिहा आणि पोच घ्या, आमच्या पहिल्या तीन अर्जांची पोचच नव्हती. साल एकच देऊ नका, तारीख गुरुजींची असते, आम्ही १९५२ ते १९५६ मागितलं. नाव असं लिहा की अमुक, लग्नानंतरचं नाव तमुक, आणि आजोबा आजी दोघांचीही नावं घाला. दोन मूळ प्रती मागा. शिक्का हवा आणि सहीखाली नाव आणि हुद्दा हवा. पहिल्याच वेळी पोस्टाने माहितीचा अर्ज टाकला असता तर माझे तीन महिने वाचले असते, भांडायची गरज नाही, नुसता अर्ज पुरतो.

भाषांतराला नोटरी लागत नाही. ज्याला दोन्ही भाषा येतात त्याने खाली लिहायचं की मला मराठी आणि इंग्रजी येतं आणि हे भाषांतर बरोबर आहे, नाव पत्ता सही तारीख. आमचं माझ्या वहिनीने केलं. मला मुंबईत एकाने एका पानाचे इतके पैसे सांगितले होते की मी फोनच ठेवला.

अ‍ॅफिडेव्हिटचं राहिलंच. जन्म ज्याला माहीत आहे अशा आईपेक्षा मोठ्या माणसाचं हवं. मामा आणि आईची चुलत बहीण, दोघांनी दिलं. वकिलाने आधी मसुदा केला होता की बहीण १ जूनला जन्मली हे मला स्वतःला माहीत आहे. मामांनी सहीला नकार दिला. म्हणाले, मी नऊ वर्षांचा होतो, ज्वारीचं खळं चालू होतं आणि मला घरी पाणी तापवायला पाठवलं होतं, जूनमध्ये कुठलं आलंय ज्वारीचं खळं, मी खोटं लिहून देणार नाही. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मग असं लिहिलं की बहिणीचा जन्म या गावात या आईवडिलांच्या पोटी झाला हे मला माहीत आहे आणि शाळेच्या नोंदीप्रमाणे तिची जन्मतारीख १ जून १९५४ आहे. ते कुठंही अडलं नाही. वकील सांगेल तसं डोळे झाकून सही करू नका. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकाच बाईचं आहे याचं अ‍ॅफिडेव्हिट आईने वेगळं केलं.

बाबांचा मृत्यूचा दाखला, पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, सगळं बिनबोभाट झालं. मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूला आईला विचारलं की कुणाकडं जाताय आणि मुलगी काय करते. बस. मूळ कागद सगळे न्यायचे, त्या खिडकीवरच्या माणसाने नमुना १० ची मूळ प्रत मात्र मागून घेतली आणि नीट बघितली, हे आईने बाहेर येऊन पहिलं सांगितलं.

दुसरी प्रत मामांच्या ट्रंकेत आहे. परवा त्यांचा फोन आला होता, गावातलं अजून एक म्हातारं जोडपं अमेरिकेला लेकाकडं निघालंय, ते ग्रामपंचायतीत गेले तर त्यांना पहिल्याच फेरीत नमुना १० मिळाला.