ब्रिंदिसी: विलायतेची डाक इथून मुंबईला निघायची

बहुतेक लोक दक्षिण इटलीतल्या ब्रिंदिसीला फक्त बोट पकडायला येतात. ग्रीस किंवा अल्बानियाची फेरी सुटेपर्यंत बॅगांवर बसून वेळ काढायचा, की झालं. आम्ही मुद्दाम दोन रात्री राहिलो. तुम्हीही किमान एक रात्र राहाच, असा माझा आग्रह आहे.

रेल्वे स्टेशनपासून कोर्सो उंबेर्तो आणि पुढे कोर्सो गारिबाल्दी धरून चालत सुटलात की पंधरा-वीस मिनिटांत बंदर येतं. टॅक्सी करू नका. समुद्र इथे दोन फाटे करून गावात शिरलाय, हरणाच्या शिंगांसारखा. गावाचं नावही रोमनांच्या आधीच्या मेसापियन लोकांच्या भाषेतल्या ‘हरणाचं डोकं’ या अर्थाच्या शब्दावरून पडलं, असं सांगतात. आत पाणी अगदी संथ आणि बाहेर पडायला अरुंद तोंड. इ.स.पू. 49 मध्ये सीझरने ते तोंडच बांध घालून बुजवायला घेतलं होतं. आत त्याचा प्रतिस्पर्धी पाँपे अडकला होता, पण काम पुरं व्हायच्या आत तो जहाजं घेऊन निसटला.

धक्क्यावरून पायऱ्या चढून गेलं की एक रोमन स्तंभ लागतो. रोमहून निघालेला आप्पियन मार्ग हा प्राचीन रोमन रस्ता या गावात संपतो. पूर्वी इथे दोन स्तंभ होते. एक 1528 मध्ये कोसळला आणि त्याचे तुकडे पुढे लेच्चे शहराला दिले. उभ्या स्तंभावरचा माथा नक्कल आहे. अस्सल माथा जवळच ग्रानाफेई-नेर्वेन्या वाड्यात ठेवलाय, तो चुकवू नका. खालून जे नुसतं नक्षीकाम वाटतं, ते इथे समोर उभं राहून पाहिलं की त्यात देवांचे चेहरे आणि ट्रायटन, म्हणजे अर्धे माणूस अर्धे मासे असे समुद्रदेव, दिसतात. पायऱ्यांशेजारच्या एका घरावर कवी व्हर्जिलच्या नावाची पाटी आहे. इ.स.पू. 19 मध्ये ग्रीसहून परतताना तो याच गावात वारला.

पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक दुसरा याचं 1225 मध्ये इथल्या कॅथेड्रलमध्ये लग्न झालं आणि 1228 मध्ये तो इथूनच धर्मयुद्धाला निघाला. आज दिसतं ते कॅथेड्रल मात्र 1743 च्या भूकंपानंतरचं.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो 1870 नंतरचा काळ. आदल्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला होता. लंडनहून मुंबईची डाक आगगाडीने सगळा युरोप ओलांडून ब्रिंदिसीला यायची आणि इथे आगबोटीत चढायची. जिब्राल्टरचा वळसा वाचायचा, म्हणजे कित्येक दिवस वाचायचे. 1914 पर्यंत हे चाललं. त्या प्रवाशांसाठी बांधलेलं भव्य हॉटेल अजून धक्क्यावर आहे. आपल्याकडे कोणाच्या तरी पणजोबांना आलेलं पत्र इथल्या थैल्यांतून गेलं असेल, हा विचार काही केल्या मनातून जाईना. गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजीही 14 डिसेंबर 1931 ला इथेच बोटीत बसले आणि 28 तारखेला मुंबईला उतरले.

दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1943 मध्ये, इटलीचा राजा रोम सोडून इथे आला, तेव्हा काही महिने राज्यकारभार याच गावातून चालला.

आता कामाचं. दुपारी बरंच काही बंद असतं. पहिल्या दिवशी आम्ही दीड वाजता हिंडायला निघालो आणि ते तास फुकट गेले. सकाळी आणि पाचनंतर फिरा, दुपारी झोपा. बंदरापलीकडचं खलाशांचं स्मारक सुकाणूच्या आकाराचं, 53 मीटर उंच आहे. धक्क्यावरून छोटी बोट तिकडे नेते. परतीची शेवटची फेरी आधी विचारून ठेवा. ग्रीस-अल्बानियाच्या मोठ्या बोटी कोस्ता मोरेनाहून सुटतात. तो भाग गावापासून लांब आहे, सामान घेऊन चालत जाण्याचा बेत नको. विमानतळ जवळ आहे आणि लेच्चे रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर.

शाकाहारी असाल तर ‘फावे ए चिकोरिया’ मागवा. वाळलेल्या बाकल्याचं घोटलेलं पिठल्यासारखं वरण, बाजूला कडसर पालेभाजी, वरून ऑलिव्हचं तेल. आम्ही दोन्ही रात्री तेच खाल्लं.