न्हाणीतली काच

आमचं लातूरचं घर १९९५ सालचं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्यानंतर इकडं ज्यानं ज्यानं घर बांधलं, त्यानं खांबांच्या बाबतीत हात आखडता घेतला नाही. वडिलांनी तर इंजिनिअरनं सांगितल्यापेक्षा दोन जास्तच घातले. त्यातला एक न्हाणीत आलाय. बाजूच्या भिंतीतून वीतभर नाक बाहेर काढून उभा.

न्हाणी जिन्याखालची. चार फूट बाय साडेसात. छत एकीकडून उतरत आलेलं, त्या बुटक्या बाजूला कमोड. दार आत उघडतं आणि कमोडला जेमतेम चुकवतं. ताठ उभं राहून आंघोळ करता येईल अशी जागा एकच, पार टोकाला, खांबाच्या पलीकडं. तिथं शॉवर. शॉवर सोडला की पाणी थेट दारापर्यंत. आई एकदा त्या ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचली, तेव्हा ठरवलं की काच लावायची.

दुकानात गेल्यावर कळलं, काच हे प्रकरण सरळ घरांसाठी असतं. उघडणारी घ्यावी तर तिचं दार कमोडवर आपटणार. सरकती घ्यावी तर एका पल्ल्याला दुसऱ्यामागं जायला जागा नको का? घडीची बरी वाटली, पण आमच्या बोअरचं पाणी नळाच्या तोंडाशी पांढरी मिशी उगवतं, तिथं त्या बिजागऱ्यांची काय गत होणार! पडदा स्वस्त होता, पण ओला झाला की पाठीला चिकटतो. मला ते अजिबात सोसत नाही.

काचवाला पोरगा मापं घ्यायला आला. वर खिळा ठोकून त्यानं ओळंबा सोडला आणि बघत बसला. दोरा खाली येईपर्यंत भिंत अर्धा इंच लांब गेली होती.

"काका, भिंत पाठ वाकवून उभी हाय की."

खालचं, मधलं, वरचं अशी तीन मापं त्यानं घेतली. टफन काच भट्टीत सहाशे डिग्रीच्या वर तापवतात आणि गार हवेच्या झोतानं एकदम थंड करतात. मग ती फुटली तरी तिचे सुरे होत नाहीत, बारीक खडे होतात. पण एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. म्हणजे आमच्या वाकड्या भिंतीचा हिशेब आधीच करायला हवा. "अर्धा इंच चॅनल गिळून घेतं," तो म्हणाला. चॅनल म्हणजे काच जिच्यात बसते ती भिंतीवरची खाचेची पट्टी.

मग त्यानं खांबावर थाप मारली. "ह्याच्याच पुढं लावू की. दीड फूट बास."

मी महिनाभर ज्या खांबाला शिव्या घालत होतो, तो अर्धं पार्टिशन होऊन १९९५ पासून तिथं उभा होता. दीड फुटाची, आठ मिलिमीटरची, न हलणारी एकच काच. पलीकडं माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. दारच नाही, त्यामुळं अडकायचा प्रश्न नाही.

आई मात्र सगळं बघून म्हणाली, "बादलीनं आंघोळ करायला काच कशाला लावायलास?" २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ते दिवस तिच्या हातातून अजून गेलेले नाहीत. गिझरचं पाणी गरम होऊन येईपर्यंत जे गार पाणी वाहतं, तेही ती बादलीत धरते आणि कर्दळीला घालते.

आठवडाभरात काचेवर पांढरे ठिपके उठले. वायपर आणला, तो खांबाला अडकवला. रोज आंघोळ झाली की वरून खाली चार हात मारायचे, असा मी नियम केला. तो मी एकटाच पाळतो. आईनं काचेच्या वरच्या कडेवर पंचा वाळत घातलेला असतो, तो आधी उचलावा लागतो.