गजाभाऊ दमलेत, थांबू या: तीन खेळण्यांसोबत दोन दिवसांची डोंगरवाट

आमच्या तुकडीत सहा जण होते. तिघे चालणारे आणि तिघे सॅकवर बसून येणारे. चालणारे म्हणजे मी, ताई आणि तिची सात वर्षांची लेक. बसणारे म्हणजे ढब्बू नावाचं तपकिरी अस्वल, गजाभाऊ हे राखाडी हत्ती आणि कापूस नावाचा पांढरा ससा. कापसाच्या पोटात कापूस नाही, पॉलिस्टर आहे, पण हे त्याच्यासमोर बोलायचं नाही असा दंडक आहे.

वाट दोन दिवसांची. पायथ्यापासून माथा साधारण ९०० मीटर उंच, मध्ये पठारावर तंबूत मुक्काम, आणि उतरायला दुसऱ्या बाजूने वळसा घालणारी वाट. मुलांना आणि त्यांच्या मऊ मंडळींना घेऊन अशा वाटेवर जायचं मनात असेल, तर आमच्या चुका कामी येतील.

निघण्याआधी तिघांनाही काट्यावर बसवलं. ढब्बू १८० ग्रॅम, कापूस ९०. गजाभाऊ मात्र ३४० भरले, कारण त्यांच्या बुडात प्लॅस्टिकचे मणी आहेत. असे मणी घातलेलं खेळणं खडकावर छान बसतं, फोटोला टेकू लागत नाही, पण वाहताना ते वजन जाणवतं. भाचीला सात जण न्यायचे होते. आम्ही म्हटलं, ज्याचं ओझं तू स्वतः शेवटपर्यंत नेशील तेवढेच. सातावरून तीनावर यायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

मोठी माणसं सल्ला देतात की मुलाचं सगळ्यात लाडकं खेळणं घरी ठेवा, हरवलं तर आकांत होतो. सल्ला शहाणपणाचाच आहे. पण लाडकं घरी ठेवून दुय्यम खेळणं नेलं, तर मूल त्याच्याशी बोलत नाही, आणि मग ते नुसतंच वजन. आम्ही मधला मार्ग काढला: गजाभाऊ लाडके, म्हणून त्यांची जागा सॅकच्या वरच्या कप्प्यात, चेन सोंडेपर्यंत ओढलेली. अवघड जागा आली की पूर्ण बंद. बाहेर बसायचा मान इतर दोघांना.

खेळणं बांधायचं कसं, हे जरा सविस्तर सांगतो. दोरी गळ्याला नको. शिवण उसवते आणि डोकं एका हातात, धड दुसऱ्या हातात येतं. ३ मिलिमीटरची बारीक दोरी कमरेभोवती घ्यायची, दोन्ही बगलांतून वर काढायची आणि पाठीवर आठाची गाठ मारायची. एक टोक सॅकच्या वरच्या बंदाला, दुसरं खालच्या. एकाच टोकाला लटकवलेलं खेळणं दर पावलाला झुलतं, काट्यांत अडकतं आणि मागच्याला आपटतं. सुटी दोरी वीतभर पुरे. लांब दोरी मुलाच्या सॅकवर तर नकोच, गळ्याशी गुंतायची भीती असते. किल्ल्या अडकवायचे छोटे कॅराबिनर, म्हणजे उघडमीट होणाऱ्या धातूच्या कड्या, खेळण्यांना चालतात, फक्त तो कॅराबिनर पुढे कुणी माणसाच्या दोराला लावणार नाही एवढं पाहा. खेळण्याच्या कमरेला एक कापडी पट्टी शिवून त्यावर आपला फोन नंबर लिहा. मुलाचं नाव किंवा पत्ता नको. आणि निघताना प्रत्येकाचा एक स्पष्ट फोटो काढून ठेवा, कुणाला विचारायची वेळ आली तर ‘पांढरा ससा’ एवढ्याने काही होत नाही.

ढब्बूला आवळताना ताई म्हणाली, “बांधलेलं अस्वल. टेडीची गोष्ट इथूनच तर सुरू झाली.” खरं आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ऊर्फ ‘टेडी’ रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले होते. त्यांना अस्वल मिळेना, म्हणून बरोबरच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधलं आणि म्हणाले, घाला गोळी. रूझवेल्टनी नकार दिला. त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांनी व्यंगचित्र काढलं, आणि ते पाहून ब्रुकलिनचे दुकानदार मॉरिस मिचटम यांनी कापडी अस्वल विकायला ठेवलं. त्या झाडाला बांधलेल्या अस्वलाचं पुढे काय झालं, असं भाचीने विचारलं. ताईने बुटाची लेस बांधायला घेतली.

पहिली चढण झाडीतून, मळलेल्या वाटेने. मी दर थोड्या वेळाने विचारत होतो, “दमलीस का?” उत्तर ठरलेलं: “नाही.” पाऊण तासाने मागून आवाज आला, “मामा, गजाभाऊ दमलेत. थांबू या.”

थांबलो. “काय होतंय गजाभाऊंना?”

“पाणी हवंय. आणि त्यांचा डावा बूट चावतोय.”

हत्ती अनवाणी होता. भाचीचा डावा बूट काढून पाहिला तर टाच लालबुंद, फोड यायच्या बेतात. टाच पुसून कोरडी केली, चिकटपट्टी लावली, मोजा नीट ओढला. आणखी अर्धा तास ती ‘नाही’च म्हणत राहिली असती, तर दुसऱ्या दिवशी तिला पाठुंगळीला घ्यावं लागलं असतं.

तिथून पुढे मी भाचीला काही विचारलंच नाही. दर अर्ध्या तासाने गजाभाऊंची चौकशी. त्यांना ऊन लागतंय का, त्यांना शू लागलीय का, पुढचा उतार पाहून त्यांच्या पोटात गोळा येतोय का. सगळी उत्तरं खरी आली. यात नवं काही नाही. कितीतरी देशांत वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी ‘टेडी बेअर हॉस्पिटल’ भरवतात: मुलं आपलं खेळणं ‘आजारी’ म्हणून घेऊन येतात, विद्यार्थी त्याला तपासतात, आणि मुलांच्या मनातली डॉक्टरांची भीती कमी व्हायला मदत होते. माझ्या डोक्यात हे डोंगरावर पोचेपर्यंत आलं नव्हतं, एवढंच.

पण याचा गैरफायदा घेऊ नका. संध्याकाळ होत आली तेव्हा मी म्हटलं, “गजाभाऊ म्हणतायत, पाय उचला पटापट.” भाची थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “गजाभाऊ असं बोलत नाहीत.” विषय संपला. खेळण्याच्या तोंडून बोलायचा हक्क मुलाचा. आपण फक्त ऐकायचं.

आता कापसाबद्दल. ही चूक माझी.

पठाराच्या थोडं अलीकडे आडवी वाट आहे. डावीकडे कातळ, उजवीकडे घसारा आणि खाली झुडपांनी भरलेली घळ. मागे दरीत ढग उतरले होते. मला फोटोचा मोह झाला. कापसाची दोरी सोडली, त्याला वाटेच्या कडेच्या दगडावर बसवलं आणि दोन पावलं मागे आलो. वाऱ्याचा एक झोत आला. नव्वद ग्रॅमचा ससा, त्यात कान मोठे. तो घसाऱ्यावरून दोनदा उसळला आणि चारपाच मीटर खाली एका झुडपात अडकला. पांढरा असल्यामुळे लख्ख दिसत होता. तिथे ढब्बू असता तर वाळल्या गवतात दोन मिनिटांत हरवला असता. तपकिरी प्राण्यांना भडक रंगाचा गळपट्टा घाला, ही सूचना इथेच लिहून टाकतो.

माझा एक पाय घसाऱ्यावर पडलाही होता. ताईने सॅकचा पट्टा धरून मागे खेचलं. “खेळण्यासाठी कुणी खाली उतरायचं नाही.” एवढंच म्हणाली. हा नियम आम्ही घरी, मुलीसमोर, आधीच बोलून ठेवायला हवा होता. तिथे घसाऱ्याच्या तोंडावर तो पहिल्यांदा उच्चारला गेला, तेव्हा भाचीला तो नियम वाटला नाही, कापसाविरुद्धचा निकाल वाटला. ती रडली. आम्ही ‘उद्या नक्की मिळेल’ असं म्हटलं नाही. उतरायची वाट याच घळीच्या तळाशी येते, तिथून दिसला आणि हात पोचला तर घेऊ, नाही तर नाही, असं सांगितलं. जागेचा फोटो घेतला, वरच्या कातळाचा आकार लक्षात ठेवला.

एकंदरीत फोटोसाठी: बांधलेलं सोडू नका. दोरी फोटोत दिसली तर दिसू द्या. कॅमेरा खेळण्याच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जवळजवळ जमिनीला टेकवा, मागचा डोंगर आपोआप मोठा दिसतो. कड्याच्या टोकाला बसवण्यापेक्षा आत, सपाट जागी बसवून खालून घेतलेला फोटो जास्त चित्तथरारक येतो. आणि जागा करण्यासाठी खडकावरचं दगडफूल खरवडू नका. त्याच्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत.

रात्री पाऊस आला. खेळणी तंबूच्या आत, जलरोधक पिशवीत, तोंड गुंडाळून. बाहेर किंवा तंबूच्या पडवीत ठेवू नका. मुलाच्या हातचा घाम, खाऊचा वास, या सगळ्याने उंदीर-घुशी येतात आणि कुरतडलेल्या सोंडेला ठिगळ लावणं सोपं नसतं. खाऊ आणि खेळणी एका पिशवीत तर अजिबात नकोत. झोपताना गजाभाऊंनी विचारलं की कापसाला थंडी वाजत असेल का. ताई म्हणाली, तो सशाचा कोट घालूनच गेलाय. ते उत्तर त्यांना पटलं. मग कळलं की गजाभाऊंचे पाय पण गार पडलेत. भाचीचे मोजे ओले होते, ते बदलले.

पहाटे माथा. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर १००० मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे पायथा आणि माथा यांत आमच्या हिशेबाने जवळपास सहा अंशांचा फरक, वर वारा वेगळा. भाचीने ढब्बूला जगातलं सगळ्यात उंच चढलेलं अस्वल म्हणून जाहीर केलं. मला राहवलं नाही. सांगितलं की डिसेंबर २००८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी शाळेतल्या मुलांसोबत टेडी बेअरना हेलियमच्या फुग्याला बांधून साधारण ३० किलोमीटर उंच पाठवलं होतं, त्यांचे अंतराळवीराचे पोशाखही मुलांनीच तयार केले होते. तिने नीट ऐकून घेतलं. “ते फुग्याने गेले. ढब्बू चढून आला.” ढब्बू संपूर्ण वाट माझ्या पाठीवर होता, पण मी वाद घातला नाही.

माथ्यावरच्या दगडांच्या राशीत कुणीतरी आठवण म्हणून ठेवलेली एक बाहुली होती. चेहरा उन्हाने पांढराफटक, पोट फाटलेलं, आतला पॉलिस्टर वाऱ्यावर पसरलेला. पॉलिस्टर कुजत नाही. आम्ही होतं तेवढं गोळा करून कचऱ्याच्या पिशवीतून खाली आणलं. तुमचं खेळणं वर ‘राहायला’ ठेवू नका.

उतरताना घळीचा तळ आला. कातळाचा आकार ओळखला, आणि पावसाच्या पाण्याने की वाऱ्याने, पण कापूस रात्रीत आणखी खाली सरकून वाटेपासून हातभर अंतरावर आलेला होता. काठीने ओढून घेतला. पाणी पिऊन जड, एक कान चिखलात, आणि अंगभर कुसळं व काटेरी बिया. स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल १९४१ मध्ये आल्प्समधून फिरून आले तेव्हा त्यांच्या कपड्यांना आणि कुत्र्याला अशाच आकड्यांच्या बिया चिकटल्या होत्या. त्यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यातून वेल्क्रो निघालं. त्यांनी केसाळ ससा नेला असता तर काम आणखी लवकर झालं असतं. अशा बिया ओढून काढू नका, लव उपटून येते. खेळणं पूर्ण वाळू द्यायचं, मग रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं सोडवत यायचं. आणि हे काम डोंगर सोडायच्या आधी करता आलं तर उत्तम, म्हणजे तिथलं बी तिथेच राहतं.

घरी काट्यावर कापूस २६० ग्रॅम भरला. पॉलिस्टरचा तंतू स्वतः पाणी फारसं शोषत नाही, पाणी तंतूंच्या मधल्या जागेत साठतं, त्यामुळे दाबून निघतं. पिळू नका, आतल्या भरणीचे गोळे होतात. उशीच्या अभ्र्यात घालून गार पाण्यात, थोड्या सौम्य साबणाने धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि जाळीच्या पिशवीत सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कानाला चिमटा लावून टांगू नका. गरम हवेच्या यंत्राने लव करपून खरखरीत होते. वरून कोरडं लागलं तरी आत ओल असते, म्हणून दोन-तीन दिवस द्या. आत आवाजाची डबी असेल तर बुडवू नका, आणि लाकडाचा भुसा भरलेलं जुनं अस्वल असेल तर त्याला डोंगरावर नेऊच नका.

कापूस चौथ्या दिवशी वाळला. डाव्या कानामागे एक कुसळ राहिलं होतं. काढायला गेलो तर भाचीने हात धरला. गजाभाऊंनी नको म्हणून सांगितलंय म्हणे.