धाकटं घरच थोरलं निघालं

जुन्या घरांची पाहणी करणं हा माझा पेशा. त्या दिवशीचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. शेतातल्या दगडी घराची दुरुस्ती ठरवायची आणि त्याला चिकटलेलं बुटकं घर पाडायला हरकत नाही, असं लिहून द्यायचं. हे धाकटं घर गड्यांसाठी मागाहून बांधलं, असं मालकांकडे पिढ्यानपिढ्या सांगत आले होते.

आत पाऊल टाकताच ओलीचा वास आला. बाहेरून सिमेंटचा गिलावा होता. हातोडीने ठोकून पाहिलं तर बद्द आवाज. तळहाताएवढा पोपडा काढला, तर आतला चुना भिजल्या पिठासारखा बोटाला लागला. माती-चुन्याची भिंत पाणी पिते आणि उन्हावाऱ्यात सोडूनही देते. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं. ही भिंत त्याआधीच्या रीतीने बांधलेली. सिमेंटच्या भेगांतून शिरलेलं पाणी आतच कोंडून राहिलं होतं. भल्या हेतूने केलेल्या कामाने चांगल्या भिंतीची अशी दशा झालेली पाहिली की जीव तुटतो.

मग दोन घरांचा सांधा पाहिला. दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, जोत्यापासून वरपर्यंत सरळ रेघ. म्हणजे दोन्ही एका वेळची नाहीत. पण आधीचं कोणतं?

उत्तर थोरल्या घराच्या पोटमाळ्यात होतं. तिथे, बंदिस्त अंधारात, मधल्या भिंतीवर बॅटरी मारली आणि मी थांबलेच. भिंतीवर चुन्याचे थरावर थर, त्यावर पावसाच्या ओघळांचे डाग, दगडांच्या कडा झिजलेल्या. छपराखाली पाऊस कुठून येणार? ही एके काळची बाहेरची भिंत होती, आणि ती धाकट्या घराची होती. थोरलं घर नंतर येऊन तिला टेकलं होतं.

मग धाकट्याच्या माळ्यावर चढले. वासे काजळीने काळेकुट्ट. धुरांडं नसलेल्या काळात चुलीचा धूर थेट आढ्याकडे जायचा. तुळईवर करवतीची खूण नव्हती, वाकसाने तासल्याचे उथळ खळगे होते. प्रत्येक सांध्यावर सुताराने कोरलेली खूण: एक रेघ, दोन रेघा, तीन. लाकूड जमिनीवर जुळवायचं आणि वर चढवताना खुणेला खूण मिळवायची. तिसऱ्या सांध्याची एक रेघ जरा वाकडी गेलेली. मी तिच्यावरून बोट फिरवलं.

तुळईच्या एका कोपऱ्याला साल शिल्लक होती. ही फार मोलाची गोष्ट. खोडात दर वर्षी पडणाऱ्या वलयांचा रुंद-अरुंद क्रम जुळवून लाकडाचा काळ काढायची पद्धत ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने बसवली. सालीलगतचं शेवटचं वलय असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही कळू शकतं. तिथून पेन्सिलीएवढा नमुना काढायचं ठरवलं.

मालकीणबाईंना पोटमाळ्यात नेलं. मधल्या भिंतीत एक बुजवलेली खिडकी होती. तिच्या उंबऱ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "म्हणजे ताई, इथून कोणीतरी शेत बघत होतं?"

"हो. हे मोठं घर नव्हतं तेव्हा."

खाली येऊन मी अहवालातलं पाडकामाचं वाक्य खोडलं. पहिलं काम लिहिलं: सिमेंटचा गिलावा उतरवणे, हाताने, यंत्र न लावता.