तुम्ही विचारलंत म्हणून: शिकवता इंग्लिश, मग लिहिता मराठीत का?

"सर, शिकवता इंग्लिश आणि गोष्टी मराठीत, असं कसं?" लग्नात, एसटी स्टँडवर, बँकेच्या लायनीत, कुठेही हा प्रश्न येतो. पूर्वी मी मोठी नावं पुढे करायचो. जी. ए. कुलकर्णींनी धारवाडला कित्येक वर्षं इंग्रजी शिकवलं आणि कथा लिहिल्या मराठीत, विंदा इंग्रजीचेच प्राध्यापक, नेमाडे तर लंडनलाही शिकवून आले, आणि या दोघांना ज्ञानपीठ (२००३ आणि २०१४ चं) मिळालं ते मराठी लेखनासाठीच. समोरचा गप्प बसायचा, पण जीएंच्या आडोशाला मी उभं राहायचं म्हणजे जरा अतीच, सोडलं ते.

खरं कारण बी.कॉम.चा कम्पल्सरी इंग्लिशचा वर्ग. शंभरेक पोरं, निम्मी पहिल्या एसटीने आलेली, पुस्तकात प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने मराठी अर्थ. एकदा 'लोनली' आला. मी फळ्यावर 'एकाकी' लिहिलं, कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर 'येस सर'च्या पुढे काही बोलली नव्हती, म्हणाली, "सर, लग्न झाल्यावर मांडव काढला की अंगण वाटतं, तसं का?"

मी बराच वेळ फळाच पुसत बसलो.

त्या वाक्यावरनं कथा लिहिली, चोरलंच म्हणा. इंग्रजीत लिहिली असती तर मांडव म्हणजे काय हे सांगण्यातच अर्धं पान गेलं असतं.

वेळ कधी मिळतो? सुपरव्हिजनला. तीन तास मोबाईल बाहेर, सीटिंग अरेंजमेंटच्या जुन्या कागदाच्या पाठीवर दोन ओळी होतात न होतात तोवर "सर, पुरवणी!" दिवाळी अंकवाले कथा मागतात जुलै-ऑगस्टात, नेमका तेव्हाच ॲडमिशनचा घोळ. आणि कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत ही कथा कुठल्या रकान्यात टाकायची यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन चहा झाले, शेवटी गेली 'इतर'मध्ये.

अंक आल्यावर त्या मुलीला एक प्रत दिली. आठवड्याने तिने परत आणली, म्हणाली, छान आहे सर, पण तुम्ही त्याच दिवशी दारावरचं तोरण पण काढून टाकलंय, आमच्याकडे ते कुणी काढत नाही, वाळून आपोआप गळेपर्यंत तसंच असतं.

समासात पेन्सिलने बारीक फुली पण होती.