डीजे कंट्रोलर घेताना मागची बाजू आधी पाहिली: माझा अनुभव

आपल्याकडे 'डीजे लावला' म्हटलं की डोळ्यांसमोर ट्रॉलीवरची स्पीकरची भिंत येते. इथे विषय त्या भिंतीचा नाही. तिच्या आधी टेबलावर जे यंत्र असतं आणि लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरला जोडून ज्यावर दोन गाणी एकमेकांत मिसळली जातात, तो कंट्रोलर मी कसा निवडला आणि कधी बदलला, एवढंच सांगतो.

दुकानात सगळे कंट्रोलर समोरून दाखवतात: चकाकणारे पॅड, हाताने गाणं पुढे-मागे ढकलायची गोल जॉग व्हील, रंगीत दिवे. मी यंत्र उलटं करून मागच्या पिना मोजल्या. गाणी मिसळायला शिकण्यापुरतं सामान जवळजवळ सगळ्यांत सारखंच असतं: दोन डेक (प्रत्येकावर एक गाणं), मधे मिक्सर, प्रत्येक चॅनलला ट्रिम (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) आणि तीन पट्ट्यांचा ईक्यू (जाड, मधला, बारीक आवाज कमी-जास्त करायला), टेम्पोची म्हणजे गाण्याच्या वेगाची उभी पट्टी. खरा फरक मागे असतो.

पहिली अट ठेवली ती आत साउंड कार्ड असण्याची. मिक्स करताना दोन वेगळे आवाज लागतात: लोकांना ऐकू जाणारा मास्टर आणि फक्त आपल्या कानात येणारा क्यू. लॅपटॉपच्या एका ईपी पिनेतून (हेडफोनची छोटी, ३.५ मिलिमीटरची) दोन्ही स्टीरिओ निघत नाहीत. पायोनियरचा २०१९ चा डीडीजे-२०० स्वस्त होता, पण त्यात साउंड कार्ड नव्हतं. सोबतच्या स्प्लिटर केबलने एका बाजूला मास्टर आणि दुसऱ्या बाजूला क्यू मिळायचा, तोही मोनो. बोटांना सराव होतो, पण त्या जोडणीवर बाहेर वाजवणं अवघड. म्हणून मी डीडीजे-एफएलएक्स४ च्या वर्गातली यंत्रं पाहिली. त्यावर रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो ही मिक्सिंगची दोन्ही सॉफ्टवेअर चालतात. कंट्रोलर जोडलेला असेपर्यंत रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड (थेट मिक्स करायचा) फुकट उघडतो. सेराटोची लाइट आवृत्तीच फुकट मिळते, प्रोचे पैसे वेगळे. हर्क्युलिसचा इनपल्स ५०० हाही त्याच पंगतीतला. दोन्हींत कुठलाही घेतला तरी शिकण्यात फरक पडत नाही, त्यावर महिनाभर यूट्यूब पाहत बसू नये. सॉफ्टवेअरलाही पैसे घालायचे नसतील तर मिक्स्स (Mixxx) हे सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आणि मुक्तस्रोत आहे.

बजेट ठरवताना सगळी रक्कम कंट्रोलरवर घातली नाही. साधारण निम्मी त्याला, उरलेली हेडफोन, स्पीकर, केबल आणि गाणी यांना. हेडफोन बंद पाठीचा, एक कान फिरवता येणारा आणि केबल बदलता येणारा घेतला, कारण केबल सगळ्यात आधी जाते. ब्लूटूथ हेडफोन इथे चालत नाही. त्याचा उशीर सहज १५० मिलिसेकंदांच्या आसपास जातो. १२५ बीपीएमच्या (मिनिटाला १२५ ठोक्यांच्या) गाण्यात एक बीट ४८० मिलिसेकंदांची असते, म्हणजे कानात येणारा ठोका जवळजवळ एक तृतीयांश बीट मागे. त्यावर बीट जुळवणं निव्वळ डोकेदुखी. सोबत पी-३८ ला (६.३५ मिलिमीटरची जाड पिन) ईपी जोडणारा ॲडॉप्टर खिशात ठेवला. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण आयत्या वेळी ती कुणाकडेच नसते.

पहिली जोडणी केली तेव्हा दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. पहिली म्हणजे आवाज तुटणं. विंडोजवर बफर (आवाजाचा जेवढा तुकडा लॅपटॉप आधी साठवतो तो) २५६ सॅम्पल ठेवला की ४४.१ किलोहर्ट्झला उशीर सुमारे ६ मिलिसेकंद येतो, ५१२ ला साधारण १२. जॉग हलवल्यावर १२ मिलिसेकंद जाणवतातही कमीच. तडतड होत असेल तर आधी बफर ५१२ करा, लॅपटॉपचा पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर टाका, वाय-फाय बंद करा आणि यूएसबी हब मधून काढून केबल थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये घाला. बहुतेक वेळा हबच गुन्हेगार निघतो, आणि लोक नवा लॅपटॉप घ्यायला निघतात.

दुसरी म्हणजे स्पीकरमधली घुंईं. चार्जर लावला की आवाज येतो आणि काढला की थांबतो, असं असेल तर अर्थिंगचं वर्तुळ (ग्राउंड लूप) तयार झालेलं असतं: लॅपटॉप एका सॉकेटच्या अर्थवर, स्पीकर दुसऱ्याच्या. आधी दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. तरी राहिली तर आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या) लाइनवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधली अर्थिंगची जोडणी तोडणारा) घाला. फार स्वस्त घेतलात तर बेस पातळ होतो. प्लगची जाड पिन कापून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. ती पिन शॉक लागू नये म्हणून असते, ती कापायची नाही.

गाण्यांच्या बाबतीत आपला मामला परदेशी ट्युटोरिअलपेक्षा वेगळा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. हाउसचं (क्लबमधल्या नाचाच्या संगीताचं) गाणं मशीनवर बनलेलं असतं, त्याची बीट ग्रिड (सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या खुणा) सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ. जुनी हिंदी-मराठी गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली. टेम्पो अंतऱ्यात थोडा चढतो, मुखड्यावर उतरतो. दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं सिंक बटण ग्रिडवर विसंबून असल्यामुळे अशा गाण्यात ते अर्ध्या मिनिटात फसतं. कोळीगीतासारख्या सहा-आठच्या चालीत सॉफ्टवेअर बीपीएम दीडपट किंवा दोन-तृतीयांश पकडतं. ७० च्या जागी १४० दाखवणं तर रोजचंच. मी प्रत्येक गाणं पायाने ठेका धरून टॅप बटणाने तपासलं, ग्रिडचा पहिला ठोका हाताने बसवला आणि टेम्पो हलत असेल तिथे ग्रिड तुकड्यांनी पुन्हा जुळवला. शंभर गाण्यांना वेळ गेला खरा, पण त्यानंतर यंत्र बदलायची निम्मी खुमखुमी आपोआप गेली. फाइल ३२० केबीपीएसची ठेवली, मिनिटाला साधारण २.४ एमबी. यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं घरच्या स्पीकरवर खपून जातं, मोठ्या टॉप-बेसवर वरचा आवाज खरखरतो.

आता बदलण्याबद्दल. 'मिक्स बसत नाही' हे कारण मी धरलंच नाही. लाल दिवा लागतो, आवाज फाटतो, हेही कारण नाही. ईक्यू मधोमध ठेवून ट्रिमने चॅनलचा मीटर हिरव्यात आणा, जोर हवा असेल तर स्पीकरच्या बाजूने वाढवा. फेडर (आवाजाची सरकणारी पट्टी) खरखरत असेल तर बहुतेकदा त्यात धूळ असते. फेडरसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो दहा-वीस वेळा वर-खाली केला की सुटतं.

टेम्पोची पट्टी हे मात्र अर्धं खरं कारण आहे. समजा पट्टी ६० मिलिमीटरची आहे आणि रेंज, म्हणजे वेग जास्तीत जास्त किती वर-खाली जाईल ते, ±१६ टक्के ठेवली. एका मिलिमीटरला अर्ध्या टक्क्याहून जास्त टेम्पो हलतो, बोट ठरतच नाही. रेंज ±६ केली की तेच ०.२ टक्के होतं, म्हणजे १२५ बीपीएमला पाव बीपीएम. तेवढी चूक राहिली तर मिनिटाभरात गाणी पाव बीट सरकतात. सीडीजेच्या (क्लबमधल्या मोठ्या प्लेअरच्या) १०० मिलिमीटरच्या पट्टीवर हेच काम बरंच सोपं. पण आधी रेंज कमी करून पाहा, ते फुकट आहे.

माझ्या दृष्टीने बदलायची वेळ आली ती पुन्हा मागच्या बाजूमुळे. छोट्या कंट्रोलरला मास्टर आउट बहुधा फक्त आरसीए असतो, लाल-पांढरा. तो अनबॅलन्स्ड (बाहेरून शिरलेली गुणगुण रद्द न करणारा), पाच-सात मीटरच्या पुढे केबल गेली की लाइटच्या वायरींमधून गुणगुण उचलतो. साउंडवाला आरसीए ते कॅनन (तीन पिनांची एक्सएलआर) केबल देतो, पण पिन बदलल्याने लाइन बॅलन्स्ड होत नाही. दोन-चार कार्यक्रमांपुरता कंट्रोलरशेजारी डीआय बॉक्स (लाइन बॅलन्स्ड करणारी छोटी पेटी) ठेवून तिथून पुढे कॅनन केबल नेली. हे वारंवार करावं लागू लागलं, वर निवेदकाच्या माइकला वेगळा ईक्यू हवा झाला आणि आपल्या बाजूच्या स्पीकरसाठी स्वतंत्र बूथ आउट नसल्याने स्टेजवर बीट उशिरा ऐकू येऊ लागली, तेव्हा कॅनन आउट, बूथ आउट आणि स्वतंत्र माइक चॅनल असलेला मोठा कंट्रोलर घेतला. पॅड किती आहेत हे मी तेव्हाही मोजलं नाही.

क्लबमध्ये वाजवायचं असेल तर वाट वेगळी. तिथे बहुधा सीडीजे आणि डीजेएम मिक्सर लागलेले असतात आणि आपण नेतो ती फक्त पेन ड्राइव्ह. त्यासाठी सीडीजे विकत घेण्यापेक्षा सरावाचा स्टुडिओ तासांवर घ्यावा. गाणी रेकॉर्डबॉक्सच्या एक्स्पोर्ट मोडमधून पेन ड्राइव्हवर टाकायची. नुसत्या फाइल कॉपी केल्या तर क्यू (गाण्यात आधी लावून ठेवलेल्या खुणा) आणि ग्रिड सोबत येत नाहीत. ड्राइव्ह फॅट३२ (ड्राइव्हवर फाइल मांडायची एक पद्धत) मध्येच फॉरमॅट केली, कारण एनटीएफएस सीडीजे वाचत नाहीत आणि एक्सफॅट सगळ्या जुन्या मॉडेलना कळत नाही. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्याय देत नाही, त्यामुळे ३२ जीबीच्याच दोन घेतल्या, दोन्हींवर तीच गाणी.

जुनं यंत्र विकलं नाही, राखीव ठेवलं. तुम्ही कुणाचं जुनं घेणार असाल तर स्वतःचा लॅपटॉप घेऊन जा. क्रॉसफेडर (एका डेकवरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी) एका टोकाला नेऊन दुसऱ्या डेकचा आवाज पूर्ण बंद होतो का ऐका. टेम्पो पट्टी मधोमध आणल्यावर पडद्यावर शून्य येतं का आणि हात न लावता आकडा थरथरतो का, ते पाहा. प्ले आणि क्यू बटणं पन्नासेक वेळा दाबा, कारण सगळ्यात आधी तीच दमतात. शेवटी यूएसबी केबल जोडलेली असताना पोर्टपाशी हलकेच हलवा. जोडणी तुटली तर तो सौदा सोडून द्या.